मेंदूतली प्रत्येक गाठ टीबीची नसते

महोदय,

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर आमच्या ह्यांना टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत. पावसाळ्यात गच्चीवरच्या कुंड्यांची माती बदलली, मग खोकला लागला. पुढे उजव्या हातातून कपबशी निसटू लागली. एमआरआयमध्ये मेंदूत कड्यासारखी गाठ दिसली आणि टीबीचा कोर्स सुरू झाला. आपल्याकडे संशय आधी तिकडेच जातो, त्यात नवल नाही.

गाठीतला पू काढून तपासला तेव्हा नोकार्डिया निघाला. मातीतला हा जिवाणू श्वासावाटे फुप्फुसात आणि तिथून रक्तावाटे मेंदूत जातो. (कुंड्यांतूनच आला, असं छातीठोकपणे कोण सांगणार?) सूक्ष्मदर्शकाखाली तो टीबीच्या जंतूसारखा भासू शकतो, वाढतोही सावकाश, कल्चर (जंतू वाढवून पाहायची तपासणी) दोन दिवसांत टाकून दिलं तर हाती काही लागत नाही. ह्यांच्या लॅबच्या फॉर्मवर नुसतं ‘पू’ लिहिलं होतं! तिथल्या बाईंनी शंका येऊन प्लेट ठेवून दिल्या, म्हणून निभावलं. आता को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक, निदान वर्षभर.

डॉक्टरांनी फॉर्मवर ‘प्रत्यारोपणाचा रुग्ण, नोकार्डियाही पाहा’ एवढं लिहावं. आणि घरी सोडताना देतात त्या पथ्याच्या कागदावर पाणी-फळांसोबत मातीचाही उल्लेख हवा: मास्क, हातमोजे, जमल्यास कुंड्या दुसऱ्याने भराव्यात.

– एक वाचक, बार्शी