लंगड्यापायी हरलो

प्रिय मित्रा,

काल टेबलावरच्या खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईत हरलो, आणि तेही लंगड्यापायी. आठवतोय ना, आपला तो छोटा भालाईत? रंगवताना तुझ्याच हातून पडला, पाय घोट्याशी मोडला आणि चिकटवला तो वाकडाच बसला. नियमावलीच्या लेखी तो चोवीस भालाईतांमधला एक, बाकी काही नाही. पण पुलाच्या त्या डावात तुकडीतला तो एकटा उरला, तुझं घोडदळ तीनदा चालून आलं आणि तिन्ही वेळा मला फाशावर सहाच पडला. २१६ मध्ये एकदा होतं असं, हा हिशेब तूच केलास आणि त्याच दमात म्हणालास, "अरे, याचा भाऊ मागच्या लढाईत याच पुलावर पडला होता." भाऊबीऊ कुणी नव्हता. तू म्हणालास आणि झाला.

काल समोर नवा गडी होता. हुशार, नियम तोंडपाठ, मोजपट्टी कायम हातात. मी लंगड्याची तुकडी टेकडीआड लपवली, डावी फळी उघडी पडली आणि चौथ्या फेरीत खेळ आटोपला. "ती तुकडी पुढे का नाही घातली?" त्यानं विचारलं. आता काय सांगू? घरी म्हातारी आई एकटीच आहे लंगड्याची, असं?

तसे हे वेड लागलेले आपण पहिलेच नाही. १८८१-८२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या दावोसला 'ट्रेझर आयलंड'वाला लेखक स्टीव्हन्सन सावत्र मुलाबरोबर माळ्यावर खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया खेळायचा. जमिनीवर खडूनं नकाशा काढलेला, आणि वर हा गृहस्थ त्या लढायांच्या वर्तमानपत्री बातम्याही लिहायचा! प्रशियाच्या सैन्यानं १८२४ मध्ये स्वीकारलेला क्रीगस्पील हा युद्धखेळ तर अधिकाऱ्यांच्या सरावासाठी होता, पण त्यातही पंच प्रत्येक सेनापतीला त्याच्या माणसांना दिसेल तेवढंच सांगायचा. टेकडीपलीकडचं ज्यानं त्यानं मनात मांडायचं.

एक मात्र मी हट्टानं पाळतो. आधी फासा, मग गोष्ट. शौर्यकथा आधीच ठरवून बसलेला खेळाडू एक पडला की टेबलावर रडगाणं लावतो, आणि तसल्याबरोबर खेळण्यापेक्षा मोजपट्टीवाला परवडला. तुकडी पळाली एवढंच नियम सांगतात. का पळाली ते आपण शोधायचं. तुझा तो सोनेरी चिलखतवाला सरदार, ज्याला रंगवायला तुला तीन आठवडे लागले, पहिल्याच फेरीत गारद झाला. अर्धा तास रुसलास. मग म्हणालास, घोडा उसना होता. त्या उसन्या घोड्याच्या मालकावरून पुढचे तीन डाव पेटले, विसरलास?

बरं, काल आवराआवर करताना लंगड्याचा पाय पुन्हा निखळला. गोंद समोर ठेवलाय. या वेळी सरळ चिकटवू, की होता तसाच वाकडा? तुझं उत्तर येईपर्यंत हात लावत नाही.

तुझाच,
पराभूत सेनापती