जुन्या डिझेल गाडीचा धूर आणि पीयूसीचा आकडा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

खासगी गाडीला १५ वर्षे झाली की फेरनोंदणीसाठी मालकाची जी धावपळ सुरू होते, तिच्यात धुराचा प्रश्न बहुतेक वेळा कागदापुरताच सुटतो, हे स्वतःच्या अनुभवावरून लक्षात आल्याने हे पत्र लिहीत आहे.

माझी डिझेल गाडी २००८ सालची. २०२३ मध्ये ती पासिंगला न्यायची होती, तेव्हा खंबाटकी घाटाच्या चढाला लागली की आरशात मागची गाडी दिसेनाशी होई, इतका काळा धूर ती टाकत होती. तरीही एका पीयूसी केंद्रावरील मुलाने यंत्राची नळी सायलेन्सरच्या तोंडात जेमतेम दोन बोटे सरकवली, ॲक्सिलरेटर अर्धा दाबायला सांगितला आणि धुराच्या गडदपणाचा ०.८ असा आकडा छापलेले प्रमाणपत्र माझ्या हातात ठेवले. भारत स्टेज चार या प्रदूषण निकषाच्या आधीच्या, म्हणजे माझ्या गाडीसारख्या, डिझेल गाड्यांना २.४५ आणि स्टेज चारच्या गाड्यांना १.६२ ही मर्यादा आहे. म्हणजे त्या कागदानुसार माझी गाडी तिच्याहून नव्या गाड्यांच्या मर्यादेतही सहज बसत होती. ते प्रमाणपत्र वापरण्याचे मला धाडस झाले नाही.

या चाचणीत गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, इंजिन चांगले तापलेले असताना, ॲक्सिलरेटर झटक्यात तळापर्यंत दाबायचा असतो आणि बाहेर पडणारा धूर किती प्रकाश अडवतो ते यंत्र मोजते. हे अनेकदा करून सरासरी काढायची असते. अर्ध्या रेसवर इंजिनाचा डिझेल पंप पूर्ण डिझेल सोडतच नाही, त्यामुळे तसा घेतलेला आकडा निरर्थक ठरतो. उलट थंड इंजिनावर चाचणी घेतली तर बरी गाडीही नापास होऊ शकते. म्हणून केंद्रावर जाण्याआधी हमरस्त्यावर वीसेक किलोमीटर गाडी चालवणे हा मालकाचा रास्त हक्क आहे, लबाडी नव्हे.

दुसऱ्या केंद्रावर रीतसर मोजणी झाली आणि ३.२ आकडा आला. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, एवढे सूत्र ओळखीच्या जुन्या मिस्त्रींनी सांगितले आणि हवेपासून सुरुवात केली. एअर फिल्टर त्यांनी बल्बसमोर धरला, तर पलीकडून उजेडाचा कणही दिसेना. तो बदलताच आकडा २.६ वर आला. मग इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारे चारही नोझल काढून तपासणीच्या हातपंपावर लावले. तिघांतून धुक्यासारखा बारीक फवारा उडाला; चौथ्यातून मात्र धार लागली आणि पंप थांबवल्यावरही टोकाशी डिझेलचा थेंब लोंबकळत राहिला. तो थेंब मी विसरलेलो नाही, कारण घाटातला निम्मा धूर तिथूनच निघत होता. नोझल बदलले, पंपाचे टायमिंग (डिझेल सोडण्याची वेळ) आणि टॅपेट (इंजिनाच्या झडपांची फट) जुळवले, आणि त्याच यंत्रावर १.५ आकडा आला. सगळा खर्च दोन नव्या टायरच्या आत भागला, शिवाय गाडी लिटरमागे पूर्वीपेक्षा जास्त जाऊ लागली. कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंधनयंत्रणेच्या, गाड्यांत काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप) किंवा हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा फुटका पाइपही असाच धूर करतो.

याउलट अनेक ठिकाणी चाचणीपुरता पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल कमी करतात आणि गाडी पास झाली की पिकअपसाठी तो पुन्हा होता तिथे आणतात. गाडी पास होते आणि धूर जिथल्या तिथे राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा असल्याचे २०१२ मध्येच जाहीर केले आहे, आणि शाळा सुटल्यावर आपली मुले रस्त्याकडेने चालतात ती नेमकी सायलेन्सरच्या उंचीवर.

परिवहन विभागाला माझी विनंती आहे की, चाचणी चालू असताना इंजिनाचे तापमान आणि फेरे यांची नोंद प्रमाणपत्रावर छापणे सक्तीचे करावे. नापास गाडीच्या मालकालाही आकडा लेखी मिळतो याची खात्री करावी, म्हणजे मिस्त्रीला कुठून सुरुवात करायची ते कळेल. जुन्या गाड्यांकडून पर्यावरण कर घेतलाच जातो. त्यातील काही भाग प्रत्येक तालुक्यात नोझल आणि पंप तपासून देणाऱ्या सोयीवर खर्च करावा.

आपला विश्वासू,
एक वाहनमालक, सातारा