आमच्या पाळणाघराच्या काकूंना

काकू,

मोबाइलवर लांबलचक काही आलं की तुम्ही ते सुनेकडं देता. हेही त्याच वाचून दाखवतील. समोर बोलायला गेले की माझा गळा भरून येतो आणि तुम्ही "असू दे गं, जा आता, अंधार पडाय लागला" म्हणून मला वाटेला लावता. म्हणून लिहिते.

२०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, हे फार चांगलं झालं. पण त्यानंतर बाळाला ठेवायचं कुठं? पाळणाघराची सोय करायची सक्ती ५० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणीच आहे. उद्यमनगरातलं आमचं ऑफिस चार टेबलांचं. कायदा आमच्या दारापर्यंत पोचत नाही.

तुमच्याकडं येण्याआधी आम्ही दुसरीकडं होतो. नाव घेत नाही. भिंतींवर फुलपाखरं, दारात कॅमेरा, आणि फी अशी की माझा निम्मा पगार तिथंच जायचा. एका दुपारी अचानक गेले, तर बाळ आडवं, तोंडात बाटली आणि बाटलीला दुपट्याच्या घडीचा टेकू. जवळ कुणीही नाही. ठसका लागला असता, दूध श्वासनळीत गेलं असतं तर? विचारलं तर उत्तर आलं, "सगळी बाळं अशीच पितात, मॅडम." लंगोट बदलायलाही त्यांना सवड नव्हती. जांघा सोलून निघाल्या होत्या. आणि रडण्याबद्दल काही बोललं की ठरलेलं वाक्य: "रडू दे, सवय होईल." कशाची सवय? हाक मारली तरी कुणी येत नाही, याची? तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुमच्याकडं राजारामपुरीत बाळाला ठेवलं तेव्हा माझा कुणावरच विश्वास उरला नव्हता. त्यामुळं पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम वेळेआधी यायची. एकदा धो धो पावसात आले. तुमची पाठ दाराकडं होती. तुम्ही पदराला हात पुसले, तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि बाळाच्या तोंडाकडं बघत म्हणालात, "राजा, लंगोट सोडतो हं आता. जरा गार लागंल." आणि थांबलात. त्यानं तुमच्याकडं टक लावून बघितलं. मग "पाय वर घेऊ का?" म्हणत कमरेखाली हात घातलात, हळूच उचललंत, पुसलंत, कोरडं केलंत. प्रत्येक गोष्ट आधी त्याला सांगून. मी ओल्या रेनकोटात तशीच दारात उभी राहिले.

काकू, सहा महिन्यांच्या जिवाची कुणी अशी परवानगी घेतं, हे मी तोवर बघितलं नव्हतं. सगळ्यात जास्त आभार मला याचेच मानायचेत. आता घरी "पाय वर घेऊ का?" म्हटलं की तो स्वतःच पाय उचलतो. हे त्याला मी शिकवलेलं नाही.

आमच्या बालरोगतज्ज्ञांना हे सांगितलं, तर त्यांनी एमी पिकलर यांचं नाव घेतलं. हंगेरीतल्या या डॉक्टरबाईंनी १९४६ साली बुडापेस्टमध्ये अनाथ बाळांसाठी बालगृह सुरू केलं. बाळाला हात लावण्याआधी त्याच्याशी बोला, त्याला उत्तर द्यायला वेळ द्या, अंघोळ घालताना, भरवताना घाई करू नका, असं त्या तिथल्या बायकांना शिकवायच्या. मी तुम्हाला विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? तुम्ही म्हणालात, "माझ्या आईनं. ती बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला जायची."

बाकीचंही काय काय आठवतं. बाटली बघितली की तो तोंड फिरवायचा, तेव्हा तुम्ही फळीवरचं चांदीचं बोंडलं काढलंत, उकळून घेतलंत आणि मांडीवर घेऊन घोट घोट पाजलंत. माझं काढून ठेवलेलं दूध गॅसवर कधी चढलं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवूनच गरम झालं. उष्टं उरलेलं दूध परत फ्रीजमध्ये गेलं नाही. झोपवायचं ते उताणंच, तोंडाजवळ उशी नाही, गोधडी नाही. आमच्या एक आत्याबाई मधाचं बोट चाटवायला निघाल्या होत्या. "वर्षाच्या आत मध न्हाई," एवढंच तुम्ही म्हणालात. मी डॉक्टरांचा हवाला देऊन थकले होते, पण तुमच्यापुढं त्या गप्प बसल्या.

आणि संध्याकाळी मी आले की पडद्यामागची ती खुर्ची, शेजारी पाण्याचा तांब्या. "आधी पाज, मग जा. गाडीवरनं दमून आलीयास." तुमची बंद करायची वेळ होऊन गेलेली असायची, पण तुम्ही घड्याळाकडं बघितलेलं मला आठवत नाही.

एवढी माया महिन्याच्या फीमध्ये कुठं बसते? दिवाळीला पाकीट दिलं ते तुम्ही परत केलंत. सांभाळणारी माणसं अशीही असतात, हे मला त्या पहिल्या जागेनंतर खरंच वाटत नव्हतं. तुमच्या एका खोलीत ते रोज बघायला मिळतं.

आता एक मागणं आहे. माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात कामावर रुजू होतेय, तिची मुलगी पाच महिन्यांची आहे. तुम्ही चारच बाळं घेता, हे मी तिला सांगितलंय. तरी ती रविवारी येईल. जागा नसली तर नसू दे, पण लंगोट कसा बदलायचा ते तिला एकदा दाखवा.

तुमची,
सोन्याची आई