डासांची मोजणी साथीपुरती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवतापाच्या बातमीत रुग्णसंख्या असते, धूरफवारणीचे छायाचित्र असते. पण हा रोग पसरवणारे अॅनॉफिलिस डास गेल्या दहा वर्षांत वाढले की घटले आणि त्यांतली कोणती जात पुढे आली, हे क्वचितच वाचायला मिळते. साथ आली की डास मोजायचे आणि ओसरली की मोजणी थांबवायची, असे चालले तर हा आकडा मिळणार तरी कुठून?

हे काम दिसायला साधे आहे. पहाटे विजेरीच्या उजेडात गोठ्याची किंवा घराची भिंत निरखायची, पोटाचे टोक वर करून तिरकी बसलेली मादी दिसली की काचेच्या नळीने अलगद ओढून घ्यायची, नळीला कापसाचा बोळा लावायचा आणि चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, वेळ लिहायची. एका माणसाला तासाभरात किती माद्या सापडल्या, यावरून घनता ठरते. खरी कसोटी आहे ती त्याच जागी, त्याच वेळी, त्याच रीतीने वर्षानुवर्षे हे करत राहण्याची. मध्येच नळी सोडून प्रकाशसापळा लावला, तर फरक डासांत पडला की साधनात, हे कळत नाही. बदल करायचाच असेल, तर काही महिने दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवाव्या लागतात.

नुसती बेरीजही फसवी असते. पश्चिम केनियात कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या आल्यावर घरात शिरून माणसांना चावणारी अॅनॉफिलिस गॅम्बिई झपाट्याने घटली आणि गुरांचेही रक्त पिणाऱ्या अॅ. अरेबिएन्सिसचा वाटा वाढला. या दोघी सूक्ष्मदर्शकाखालीही सारख्याच दिसतात. त्यांतला भेद जनुकीय चाचणीतच कळतो. सॉलोमन बेटांवर डीडीटीची फवारणी झाल्यावर अॅ. फॅराउटी नाहीशी झाली नाही, ती घराबाहेर आणि दिवेलागणीच्या सुमारासच चावू लागली. फक्त घरातल्या भिंती पाहणाऱ्याने वहीत ‘डास कमी’ असेच लिहिले असते!

पूर्व आफ्रिकेतल्या जिबुती या देशाचा अनुभव तर अधिक बोलका आहे. पाण्याच्या टाक्यांत वाढणारी, मूळची आशियातली अॅ. स्टीफेन्सी तिथे २०१२ मध्ये आढळली. त्या वर्षी हिवतापाचे जेमतेम २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ती संख्या ७० हजारांवर गेली. सगळा दोष या एकाच जातीच्या माथी मारणे घाईचे ठरेल, परंतु शहरात नवी जात आल्याचे तिथे कळले ते कोणीतरी डास पकडून ओळखत होते म्हणूनच.

तेव्हा रुग्ण नसलेल्या महिन्यांतही मोजणी चालू ठेवावी आणि जातवार आकडे रुग्णसंख्येसोबत प्रसिद्ध करावेत. एकही डास सापडला नाही, तर रकान्यात शून्य लिहावे, रकाना रिकामा सोडू नये. नाहीतर पुढे वही उघडणाऱ्याला त्या महिन्यात डास नव्हते की मोजायला कोणी गेलेच नव्हते, हे कळणार नाही.

आपला,
एक वाचक