काका, त्या शून्याबद्दल आभार

प्रिय काका,

त्या संध्याकाळी वाचनालय बंद व्हायची वेळ झाली होती. वर्तमानपत्राची घडी घालताना तुम्ही विचारलंत, "तोंड का उतरलंय?" दोन दिवसांत तेवढं विचारणारे तुम्ही पहिलेच.

जुन्या मासिकांचे स्कॅन रोज रात्री तीन डिस्कांवर वाटून जायचे आणि पहाटे "बॅकअप यशस्वी" असा मेल यायचा. मूळ डिस्क बंद पडल्यावर कळलं, दुसऱ्या डिस्कवर 19 दिवसांत एकही नवी फाइल गेलेली नाही. देखभालीचे पैसे घेणारे म्हणाले, "यशस्वीचा मेल आलाय ना? मग ऑपरेटरनंच काहीतरी डिलीट केलं असणार." ऑपरेटर म्हणजे मी. ते वाक्य अजून बोचतं.

तुम्ही शेजारी खुर्ची ओढलीत. बॅकअप चालवणारी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, वाचलीत. तिन्ही कामं अँपरसँड (&) लावून मागे सोडलेली, म्हणजे ती संपायची वाट न बघता पुढे जायचं; खाली नुसतं 'वेट', म्हणजे ती संपेपर्यंत थांब ही आज्ञा, आणि त्यानं शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', दिलं की यशाचा मेल. वर 'सेट -ई' होतं, म्हणून काही बिघडलं तर स्क्रिप्ट थांबेल या भरवशावर आम्ही सगळे होतो.

आणि तुम्ही कीबोर्ड माझ्याकडून घेतला नाहीत. काका, मला खरे आभार मानायचेत ते याचे. आजवर जो कुणी दुरुस्तीला आला त्यानं आधी मला खुर्चीवरून उठवलं. तुम्ही म्हणालात, "तूच लिही." कंसात स्लीप 1 आणि एक्झिट 3 (एक सेकंद थांब, मग अपयशाचा कोड 3 देऊन संप), पुढे अँपरसँड, मग वेट, मग उत्तर छापायचं. पडद्यावर 0 आला. काम 3 देऊन मेलं होतं आणि शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्राम, शून्य सांगत होतं! तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला दिसेपर्यंत थांबलात. शिपाई दिवे मालवायला आला, त्यालाही हातानं थांबवलंत.

मग सांगितलंत की नुसतं वेट सगळ्यांसाठी थांबतं, पण कुणाचं काय झालं ते सांगत नाही, नेहमी शून्यच देतं. शेलनं कसं वागावं हे ठरवणाऱ्या पॉझिक्स मानकाचा नियमच तसा आहे. मागे सोडलेलं काम पडलं तरी सेट -ई हलत नाही. प्रत्येक कामाचा नंबर टिपून ठेवायचा आणि एकेकाला वेगळं विचारायचं. तसं विचारल्यावर दुसऱ्या कामानं 11 दिला. डिस्क भरली होती. नियमात बसत असेल, पण पडलेल्या कामांवर शून्याचं पांघरूण घालणं मला अजूनही चूकच वाटतं.

निघताना म्हणालात, "मीही यात फसलोय, दोनदा." ज्याला येतं त्यानं असं सांगावं, हे किती दुर्मिळ आहे! त्या रात्री मी नीट जेवले.

19 दिवसांचे स्कॅन पुन्हा करतेय, निम्मे झाले. परवा पहाटे मेल आला: "तिसरं काम अयशस्वी, कोड 23." म्हणजे काही फाइली गेल्या, काही राहिल्या. परवानग्यांची गडबड होती. तुम्ही पेपर वाचायला येण्याआधीच मी ती दुरुस्त केली होती.

तुमची,
वाचनालयातली ऑपरेटर