बाबा, रेझरचं कपाटही तयार आहे

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं, बरं" म्हणत फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहिते आहे. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधला तळमजल्याचा फ्लॅट मी तुमच्यासाठी घेतला. भाड्यानेच, पण करार झालाय, डिपॉझिटही दिलंय. दसरा झाला की दोघांनी इकडे यायचं. मिरजेचं घर कुणी विकत नाहीये, किल्ली बाबांच्याच खिशात राहील. काकांशी मी बोलले आहे, त्यांचं काही मनावर घेऊ नका. विचारत बसले असते तर आणखी एक पावसाळा गेला असता, आणि जिन्यावरची ती रात्र मला पुन्हा नको आहे.

आई, पाणी दिवसभर असतं. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतले. स्वयंपाकघराचा ओटा तुझ्या उंचीचा आहे, आणि देवघराला पूर्वेची भिंत रिकामी ठेवली आहे. सकाळी दूध दारात येतं. तुझी कुंडीतली जास्वंद टेम्पोत पुढे ड्रायव्हरजवळ बसून येईल.

बाबा, तुमचा खरा प्रश्न तुम्ही जमवलेल्या जुन्या रेझरचा असणार. हॉलमधल्या भिंतीला सुताराकडून उथळ खणांचं कपाट करून घेतलं आहे, वर काच आणि कुलूप. गणपतीत मी सगळ्या रेझरचे फोटो काढले होते ना, ते रोज रात्री घेऊन बसते. तुम्ही शिकवल्याप्रमाणे आधी डोक्याची खालची बाजू बघते. जिलेटच्या अमेरिकन सुपर स्पीड रेझरवर अक्षर आणि आकडा आहे: अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. ए म्हणजे १९५५, म्हणजे तुमचा सी-३ हा १९५७च्या जुलै ते सप्टेंबरमधला. जुन्या बाजारातल्या त्या माणसाने "१९०४चा पीस" म्हणून दिलेल्या जिलेटवर १५ नोव्हेंबर १९०४ कोरलंय खरं, पण ती पेटंट मिळाल्याची तारीख आहे. पुढे कितीतरी वर्षं बनलेल्या रेझरवर ती तशीच छापत. हे तुम्हीच त्याला तिथल्या तिथे ऐकवलं होतं आणि मी तुमची पिशवी धरून उभी होते.

एक बदल केलाय, रागावू नका. व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप रेझर तुम्ही जिलेटच्या रांगेत ठेवता, मी त्याला वेगळा खण दिला. डोक्यातूनच चामड्याचा पट्टा ओढून पात्याला धार लावायची ती युक्ती हेन्री गेसमन यांची. दोन्ही कंपन्या १९३०मध्ये एक झाल्या, त्याआधी ते एकमेकांशी भांडत होते. त्यांना शेजारी बसवायचं मला पटत नाही. तुम्हाला फारच खटकलं तर परत हलवू.

रोल्स रेझरचा डबा मात्र मी स्वतः हातात घेऊन येणार आहे. आजोबांचा तो डबा, पात्याला धार लावायला एका झाकणात दगड, दुसऱ्यात चामडं. लंडनच्या क्रिकलवूडमधला कारखाना १९६४मध्ये बुडाला, पण मी लहान असताना आपल्या घरात हा डबा रोज सकाळी चालायचा. गोधडीत असतानाच खटक-खटक ऐकू यायचं आणि कळायचं की बाबा रात्रपाळीवरून आले. मग धावत येऊन मी मोरीच्या दाराशी उभी राहायची, आणि तुम्ही नाकाला फेस लावायचात. अजूनही तो आवाज ऐकला की मला शाळेला सुट्टी असल्यासारखं वाटतं.

पण बाबा, दाढी आता त्याने करायची नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, एवढीशी चीर पडली तरी रक्त थांबायला वेळ लागतो. डॉक्टरांनी सांगितलेलं आईने मला सांगितलंय. इलेक्ट्रिक शेव्हर पाठवलाय, तो खोक्यातून बाहेर काढा. गुळगुळीत होत नाही म्हणाल, नसू दे. हातही आताशा जरा कापतो, लपवू नका. रोल्सचं पातं चामड्यावर लावायचं काम मला शिकवा, तुम्ही समोर बसून चुका काढा. आणि घरी आलेला कुणी "जिलेटनेच पहिला सेफ्टी रेझर काढला" म्हणाला, तर कँफे बंधूंचं १८८०चं पेटंट ऐकवायला तुमच्याशिवाय कोण आहे?

आई, येण्याआधी रेझर चकचकीत करायच्या नादात चिंच-मीठ किंवा भांड्यांची पावडर लावू नकोस. सोन्याचा मुलामा पातळ असतो, एकदा निघाला की गेला. कोमट पाणी, थोडा साबण, जुना मऊ टूथब्रश, आणि लगेच कोरडं पुसायचं. जे सुटे होतात त्यांचे भाग एकाच पुडीत ठेव, वर नाव लिही. आत अडकलेली ब्लेड आधी काढायला बाबांना लावू नकोस, दादा शनिवारी येतोय, तो काढेल. रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा गोळ्या घेतल्या की नाही तेही विचारणार आहे.

तुमची,
बबी