आजीचं हिरवं इरकल

तीर्थरूप आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "बाकीचं हवं ते काप, पण आजीचं हिरवं इरकल तेवढं राहू दे." मी तेव्हा हो-नाही काहीच बोलले नाही. फोनवर असलं बोलणं धड होत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मला ते लुगडं गोधडीत घालायचं आहे. का, ते वाच आणि मग सांग.

शाळेसाठी माजी विद्यार्थ्यांनी डिसेंबरात लिलाव ठेवलाय, हे तुम्हाला माहीत आहेच. शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून होतात, पण इमारतीची डागडुजी, प्रयोगशाळा, मुलींची स्वच्छतागृहं यांचे पैसे संस्थेलाच उभे करावे लागतात. वेतनेतर अनुदानात ते भागत नाही. त्यात पट घटलेला. आमच्या वेळी एकेका इयत्तेच्या चार-चार तुकड्या होत्या. आताचे वर्ग पाहिलेत तर बाबा, तुम्हाला ती आपली शाळा वाटणार नाही. ज्याला जे येतं ते त्याने करून द्यायचं, असं ठरलंय. कुणी चित्र देतंय, कुणी स्वतः घडवलेला देव्हारा. मला आजीने शिकवलेला टाका येतो.

एक मैत्रीण म्हणाली, मंगलदास मार्केटमधून नवी कापडं आण, रंग जुळवून घे, भाव चांगला येईल. मी जाऊन पाहूनही आले. कापडं सुरेख आहेत. पण नव्या कापडाला खळ असते, पहिल्याच धुण्यात ते आटतं, आणि थरांतलं एक जरी आटलं तरी सगळी गोधडी चुरमडते. शिवाय चार-पाच थरांतून सुई ओढताना अंगुस्तान घालूनही बोटं सोलून निघतात. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती कापडाचं आटणं, रंग सोडणं सगळं होऊन गेलेलं असतं. त्यातून सुई सरसर जाते आणि अंगावर घेतलं की ते टोचत नाही. मुंबईत थंडी ती किती, पण पंख्याखाली, एसीत निजणाऱ्याला असलंच पातळ, मऊ पांघरूण लागतं.

म्हणून माळ्यावरची ट्रंक उतरवली. बाबा, तुमचा निळ्या रेघांचा शर्ट निघाला, मिलमधून सवलतीत आणलेल्या पॉपलीनचा. मिलच्या साचाखात्यातून, म्हणजे मागांवरून, आल्यावर तुम्ही हात धुऊन तो घालायचात आणि मग चहा घ्यायचात. उसवायला घेतला तर कॉलर उलटी करून लावलेली. वरची बाजू झिजून दोरे निघाले होते, ती आईने खाली घातली आणि खालची कोरी बाजू वर आणली. टाके इतके बारीक, की खिडकीपाशी नेऊन पाहावे लागले. ती कॉलर मी उसवली नाही. अख्खी तशीच गोधडीच्या दर्शनी बाजूला लावली आहे, झिजलेली बाजू दिसेल अशी.

ते टाके गिरणी संपाच्या दिवसांतले असणार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होते. अडीच लाख कामगार घरी बसले होते. आपल्या एकट्या चाळीत किती घरं होती ते बाबा, तुम्हीच सांगाल. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी बाईंनी मला फीसाठी एकदाही वर्गात उभं केलं नाही. वह्या आल्या त्या माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून, कव्हर घालून, वर माझं नाव लिहून. कोण होते ते लोक, मला आजवर माहीत नाही. त्यांनी नको असलेलं, उरलेलं काही दिलं नव्हतं. वह्या नव्या कोऱ्या होत्या. मग मीही घरात ज्याच्यावर जीव आहे तेच द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि आई, ते लुगडं उजेडाकडे धरलं की कळतं. अंग अजून धड आहे, पण घडीच्या रेघांवर जाळी धरली आहे. आणखी काही वर्षं ट्रंकेत राहिलं तर घडी उलगडतानाच चिरेल. गोधडीत थराला थर धरून राहतो, विरलेलं कापडही तग धरतं. पदर मी ठेवणार आहे, लाल पदर सगळाच्या सगळा. तो तुझा. अंगाचा हिरवा भाग मधे आणि काठ चारी बाजूंनी, असं मनात आहे.

काम तसं पुढे सरकलंय. थर अंथरून कच्चे टाके घातले, म्हणजे सरकत नाहीत. आता दोऱ्याला मेण लावून धावदोरा घालतेय, आजी घालायची तसा, कडेने सुरुवात करून आत-आत. रविवारी दुपारी हॉलमधलं टीपॉय बाजूला सारते आणि खालीच बसते. मान अवघडते, पण उठावंसं वाटत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी बैठकीत अडून बसले. हस्तकलेच्या वस्तूंची बोली पाचशेपासून सुरू करू, असं काहींचं म्हणणं होतं. मी पाच हजार म्हटलं. बायकांच्या शिवणकामाची बोली खालून सुरू केली की लोक तेवढंच त्याचं मोल धरतात. शेवटी मान्य झालं. बोली नाहीच लागली तर लागली नाही, पण पाचशेला गोधडी जाऊ देणार नाही.

आता तुला विचारायचं राहिलंय ते कोपऱ्यांचं. आजी चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्या घालून लावायची, त्या दुमडताना टोक आत घ्यायची की बाहेर? माझ्या जुन्या गोधडीचे कोपरे झिजून गेलेत, त्यावरून कळत नाही. एखाद्या जुन्या फडक्यावर करून फोटो पाठव, शेजारची पोरं काढून देतील. हिरव्याचंही त्याच वेळी कळव. तू नको म्हणालीस तर मधे तुझी जांभळी साडी घालीन, मन मोडणार नाही.

बाबांचा गुडघा बरा असेल तर लिलावाला दोघंही या. कुडाळहून तुतारीचं तिकीट मी काढते, खालचे बर्थ मिळतात का ते आत्ताच बघून ठेवते.

तुमची,
ताई